दिग्रस ते समुद्र आणि परत: जानेवारीत गाडीनं कोकण आणि महाबळेश्वर, मार्ग सुचवा

पऱ्हाटी

रामराम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. यंदा कोकणात जायचं ठरलंय, घरच्या गाडीनं. गाडी सात सीटर, डिझेल, सव्वा लाख किलोमीटर झालेली. माणसं सहा: आई (वय ६८), मी, बायको, दोन पोरं आणि मामेबहीण. ती दर दहा किलोमीटरला फोटोसाठी गाडी थांबवायला लावणार, हे हिशेबात धरूनच सांगा. चालवणारा मी एकटा.

शेतकऱ्याचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे. दिवाळीत कापूस फुटलेला असतो, वेचायला मजूर मिळत नाही, घर सोडता येत नाही. त्यानंतर तूर. हरभरा फेब्रुवारीत काढणीला. संक्रांत झाली की मधे एक फट सापडते, पण तेव्हा हरभरा घाट्यावर असतो आणि रोही (नीलगाई), डुकरं शेतात घुसतात, म्हणून रात्री जागलीला माणूस लागतोच. लहान भाऊ म्हणाला, या वर्षी मी जागतो, पुढच्या वर्षी तू. असे सात दिवस मिळालेत.

माझा आराखडा असा. पहिला दिवस गाव ते पुणे, समृद्धीनं. दुसरा, ताम्हिणी घाटातून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसरा, दापोली, हर्णै, मुरुड. चौथा, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे. पाचवा, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण. सहावा, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ला, रात्री कोल्हापूर. सातवा, महाबळेश्वर पाहून घरी.

नकाशावर बोटानं मोजलं तर श्रीवर्धन ते मालवण साडेतीनशे किलोमीटर भरतं. दिग्रसहून सकाळी नागपूरला जाऊन रात्री परत येतो तेव्हा आपली गाडी यापेक्षा जास्त चालते.

आईनं समुद्र पाहिलेला नाही. मी एकदा पाहिला, मुंबईला कामासाठी गेलो तेव्हा, बसच्या खिडकीतून. आई माळकरी आहे, मासळी चालत नाही. चुकत असेल तर रागवा.

संत्रानगरी

भाऊ, डोळे झाकून समृद्धी. म्हणजे डोळे उघडे ठेवा, पण रस्ता तोच. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पाही खुला झाला. तुम्हाला कारंज्याला चढता येईल. इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा पोरांना दाखवा. आमण्याला उतरून पनवेल, पेण, माणगाव. पुणं मधे येतच नाही.

घाटमाथा

पुणं येत नाही, पण आमण्याला उतरल्यावर कल्याण-शीळ येतं त्याचं काय? ताशी १२० वरून एकदम ताशी १२. दिवसभर चालवून दमलेला माणूस संध्याकाळी त्या गर्दीत घालायचा नसतो.

अक्का_परतवाडा

एवढ्या लांब कशाला जाता रे बाप्पा? चिखलदरा आहे ना. अकराशे मीटरवर, थंडीत धुकं, गाविलगड, कॉफीची झाडं. सेमाडोहकडून मेळघाटच्या जंगलातून या, रस्त्यात सांबर दिसलं तर दिसलं. तुझ्या घरून एका दिवसात पोचशील.

पण आईला समुद्र दाखवायचा असेल तर माझं म्हणणं मागे घेते. समुद्र काही चिखलदऱ्याला आणता येत नाही.

खाडीकाठ

मी गुहागर तालुक्यातला. रागवा म्हणालात, म्हणून जरा रागावतो.

दादा, तुमचा आराखडा नकाशावर झालेला आहे, रस्त्यावर नाही. आमच्याकडे किलोमीटर मोजत नाहीत, खाड्या मोजतात. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद होते आणि किनाऱ्याचा रस्ता तिथं तुटतो. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. हरिहरेश्वरहून समोरचं बाणकोट डोळ्यांना दिसतं, पण जायचं तर बागमांडल्याला जंगलजेटीत गाडी घालून वेश्वीला उतरा. जंगलजेटी म्हणजे गाड्या वाहणारी सपाट बोट. दाभोळला धोपावेची बोट, जयगडला तवसाळची. बोट पाण्यावर असते दहा-पंधरा मिनिटं, पण नुकती सुटली असेल तर पुढचीपर्यंत धक्क्यावर बसावं लागतं. शनिवारी-रविवारी रांग लागते. बोट चुकवून धोपावे ते दाभोळ रस्त्यानं जायचं म्हटलं तर चिपळूण, खेड करून शंभरावर किलोमीटर.

आणि खाड्यांच्या मधला रस्ता म्हणजे चढ, उतार, वळण, गाव, पऱ्या (ओहोळ), पुन्हा चढ. तासाला तीस किलोमीटर झाले तर खूप समजा. तुमच्या चौथ्या दिवसात आमचा अख्खा तालुका आणि वर गणपतीपुळे आहे. तुम्ही हेदवीच्या बामणघळीत फुटणारी लाट पाहणार, की तिथं गाडी वळवायला जागा कुठं आहे ते?

माझा सल्ला, समुद्राकाठी दोनच मुक्काम करा. एका गावात दोन रात्री, दुसऱ्या गावात दोन रात्री. बाकी यादी फाडून टाका. पोरांना आधीच सांगून ठेवा, जानेवारीत आंबा नसतो, मोहोर असतो.

पऱ्हाटी

यादी फाडायला जड जातंय. बायकोनं वहीत लिहून ठेवलीय, रंगीत पेनानं. पण खाड्यांची गोष्ट पटली. आमच्याकडे नदीवर पूल नसला की गाव बोंबलतं, तुमच्याकडे बोटीवरच संसार चालतो.

मग दोन गावं कोणती? आणि मालवण, विजयदुर्ग गेलंच का?

खाडीकाठ

गेलं. ते वेगळ्या फेरीचं.

गणपतीपुळे आणि गुहागर करा. पुळ्याच्या जवळ मालगुंड आहे, तिथं राहिलात तर शांत मिळेल. पुळ्याहून रत्नागिरीचा आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या कडेनं वर चढतो, तेवढा एकच तुकडा तुमच्या बहिणीचा दिवसभराचा पोटापाण्याचा प्रश्न सोडवेल. फक्त तारखा बघा. माघी गणेश जयंती यंदा, म्हणजे २०२६ ला, २२ जानेवारीला आहे. त्या दिवशी पुळ्यात पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर लगेच शनिवार-रविवार-सोमवार, २६ जानेवारीची जोडून सुट्टी, सगळं पुणं-मुंबई खाली उतरतं, भाडी दुप्पट. संक्रांतीनंतर लगेच निघा आणि २२ च्या आत आमचा किनारा सोडा.

घाटमाथा

मग माझं ऐका. तुम्ही सगळे समृद्धीच्या मागे लागलात, पण याच्या घराजवळून सरळ समुद्राला जाणारा रस्ता आहे तो कोणी सांगत नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग. वर्धा, यवतमाळ, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. दिग्रसहून पुसदवरून उमरखेडला लागलं की पुढं रस्ता विचारायची गरज नाही. बराचसा चौपदरी झालाय. कोल्हापूर ते रत्नागिरी टप्प्याचं काम कुठवर आलंय ते निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या.

आईला वाटेत तुळजाभवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई. मंगळवेढ्याहून पंढरपूर थोडंच आत आहे.

येताना गुहागरहून बोटीनं दाभोळ, दापोली, खेड, कशेडीचा बोगदा, पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाटानं प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वर. एक दिवस तिथं. मग पसरणी घाट उतरून वाई, पुणे, अहिल्यानगर, संभाजीनगर आणि मग घ्या तुमची समृद्धी, कारंज्यापर्यंत. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. फक्त सात दिवसांत नाही बसत. नऊ लागतील.

पऱ्हाटी

हा महामार्ग आमच्या उमरखेडवरून जातो आणि मी तो आजवर नांदेडच्या दवाखान्यापलीकडे कधी पाहिला नाही. याच डांबराच्या दुसऱ्या टोकाला समुद्र आहे, हे आईला सांगितलं. ती म्हणाली, मग इतके दिवस कायले थांबला होतास?

नऊ दिवसांचं भावाशी बोलतो. दोन रात्री जास्त जागायच्या म्हणजे तो काहीतरी मागणार.

उसाची_मोळी

सांगोल्याकडचा आहे, एक गोष्ट सांगतो जी कुठल्या नकाशात नसते. जानेवारी म्हणजे कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागचा लाल दिवा असला तर नशीब, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. अंधारात समोर काळं काहीतरी आहे एवढंच कळतं, आणि ते थांबलेलं असतं, कारण पुढच्या ट्रॉलीचा टायर फुटलेला असतो. ड्रायव्हर जॅक लावून बसलेला, मागे खूण म्हणून रस्त्यावर चार दगड. ते दगड तो निघून गेल्यावर तिथंच राहतात, हे आणखी वेगळं.

आमच्या पट्ट्यातून दिवसाउजेडी जा. सूर्य मावळला की जिथं असाल तिथं मुक्काम.

फरदड

मी हिंगणघाटचा. भाऊ, तुमी सारं इचारलं, पन रेतीचं नाई इचारलं. म्हनून माही फजिती सांगतो.

तीन वर्षांमागं आमी चार दोस्त गेलतो. गावाचं नाव नाई सांगत. दुपारी चारची येळ, समुद्र लय दूर गेलेला, रेती अशी ओली, घट्ट, सिमेंटवानी. पोट्टे म्हनले, भाऊ टाक गाडी खाली, व्हिडिओ काढू. म्या टाकली. पंधरा मिनिटं मस्त चालली, मंग म्या पान्याच्या जवय जाऊन बंद करून उभी केली. फोटो झाले, नारय-पानी झालं. चालू करून पाह्यतो त मागचं चाक फिरते पन गाडी जागची हालत नाई. जेवढी रेस देतो तेवढी खाली जाते. रिमपर्यंत गेली. तवा म्या पाह्यलं, मघाशी जे पानी पन्नास पावलं दूर होतं ते दहा पावलांवर आलं.

आपल्याकडं बंडी फसली त बैल असतात, चार मानसं असतात, खाली पऱ्हाटी (कापसाची झाडं) टाकता येते. तिथं काय टाकतो? पोट्ट्यायनं आपले शर्ट टाकले. मॅट टाकले. एक म्हातारा कोयी खांद्यावर जाळं घेऊन उभा होता, त्यानं आधी चाकाची अर्धी हवा काढाले सांगितली. मंग दोर आनाले पोरगं धाडलं, ट्रॅक्टर आला. ओढून बाहेर काढेपर्यंत पानी दरवाज्याच्या पट्टीले लागलं होतं. ट्रॅक्टरवाल्यानं जे मांगितलं ते देलं, भाव केला नाई. म्हातारा काई घेत नव्हता. मले एवढंच म्हने, “रेती ओली दिसली म्हणजे ती समुद्राचीच आहे, थोड्या वेळापुरती मोकळी केलेली.”

घरी आल्यावर खालून गोड्या पान्यानं धुवाले पायजे होती, ते कोनी सांगितलं नाई. चार महिन्यांत ब्रेकचे पाइप गंजले. आता त किनाऱ्यावर गाडी घातली त पोलीसही केस करतात म्हने. बरं करतात.

खाडीकाठ

फरदडभाऊ, त्या म्हाताऱ्याला आमचा नमस्कार. सगळ्यांसाठी भरतीचा हिशेब लिहून ठेवतो, मोबाइलला रेंज नसली तरी चालेल, कालनिर्णय घरात असतंच.

तिथीला पाऊण गुणा. जो आकडा येईल तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीन आणि पहाटेही तीनच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. गावागणिक अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, पण रेतीत किती वेळ थांबायचं ते ठरवायला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी वर जास्त येतं आणि खालीही जास्त जातं.

यंदा १८ जानेवारीला अमावास्या आहे. म्हणजे तेव्हा दुपारी बाराच्या आगेमागे भरती, संध्याकाळी सहाला ओहोटी. सूर्य मावळताना किनारा लांबलचक मोकळा मिळेल. चालायला. चालवायला नाही.

आणि सूर्य तुमच्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा मावळतो आमच्याकडे. तुम्ही पूर्वेला आहात ना. संध्याकाळी तेवढा वेळ फुकट मिळाला समजा.

पऱ्हाटी

आजवर तिथी पाहिली ती एकादशीसाठी. हा पाऊणचा पाढा पोरीनं पाठ केला. शाळेत कोणाला सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणते.

आता घाटाचं सांगा. खरं सांगायचं तर मी आयुष्यात मोठा घाट चालवलेला नाही. आमच्याकडे पुसदचा डोंगर आहे तेवढाच.

घाटमाथा

न लाजता विचारलंत हे बरं केलं. सपाटीवरचे लोक घाटात दोन चुका करतात. एक, उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवतात. दोन, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरतात. दुसऱ्या प्रकारात पाच-सात किलोमीटरनं जळक्याचा वास येतो, लायनर तापून गुळगुळीत होतात आणि नेमक्या वळणावर पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही.

चढताना जो गिअर लागेल, तोच उतरताना ठेवायचा. दुसरा तर दुसरा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या, तेच तुम्हाला धरून ठेवतं. ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, थोडा आणि सोडून. वास आलाच तर जागा बघून कडेला घ्या, अर्धा तास उभे राहा, चाकावर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, तिला उभं राहून पुन्हा उचलणं अवघड असतं. आंधळ्या वळणावर हॉर्न. आंबेनळी अरुंद आहे, समोरून एसटी आली तर तिला काय करायचं ते माहीत असतं, तुम्ही फक्त थांबा.

निघण्याआधी ब्रेकचे लायनर, कूलंट आणि पाचही टायर बघा. पाचवा म्हणजे स्टेपनी. समृद्धीवर येताना तर टायर नीट हवेतच. काँक्रीटवर शंभर-दीडशे किलोमीटर एकाच वेगानं गेलं की टायर तापतो, आणि सरळ रस्त्यावर माणसाला उघड्या डोळ्यांनी झोप लागते. दर दीड तासाला उतरा.

आंबा घाट सकाळी दहाच्या आत नको. दरीतून धुकं वर येतं, समोरचा बोनेट दिसत नाही.

अक्का_परतवाडा

बायकांचं कोणी विचारलंच नाही, म्हणून मी सांगते. घाटात ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवायचं, आणि निघताना पोट भरून खाऊ घालायचं नाही, पण उपाशीही नाही. आवळासुपारी, आलेपाक जवळ ठेव. आईला मागच्या सीटवर टाकू नकोस, तिथं उसळ्या जास्त बसतात. गुडघे दुखत असतील तर प्रतापगडच्या पायऱ्यांचा हट्ट नको.

तिकडे जेवण गोडसर लागतं आपल्याला. खोबरं सगळ्यात. आई माळकरी असेल तर घरगुती खानावळ बघा, उकडीचे मोदक, घावन, सोलकढी मिळेल. पण ठेच्याची बरणी न्यायला विसरू नका. दोन दिवस पुरतील अशा दशम्या आणि तिळाच्या पोळ्या. आणि ज्यांच्या घरी राहणार त्यांच्यासाठी दोन किलो आपली तूरडाळ ने. हॉटेलात नाही देता येत, पण घरगुती ठिकाणी बाईच्या हातात द्यायची.

थंडीचे कपडे कमी घ्या. आपल्याकडे रात्री दहा अंश असतं तेव्हा तिकडे समुद्राकाठी अठरा-वीस. स्वेटर लागेल तो महाबळेश्वरला.

पऱ्हाटी

ठरलं. १६ जानेवारीला पहाटे निघणार, २४ ला घरी.

१६ तुळजापूर. १७ कोल्हापूर. १८ आणि १९ मालगुंड. २० आणि २१ गुहागर. २२ महाबळेश्वर. २३ सकाळी खाली उतरून संभाजीनगर. २४ समृद्धीनं कारंजा, दारव्हा, घर. बायकोनं वहीतलं पान फाडलं नाही, त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि खाली “पुढच्या वेळी” असं लिहिलं.

भावानं दोन जादा रात्रींचे नवीन बॅटरी आणि गमबूट मागितले. घेऊन दिले.

पऱ्हाटी

परत आलो. २४ ला रात्री साडेनऊला घरी. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना कळवायला हवं म्हणून लिहितोय.

उसाच्या ट्रॉल्या मोजायचं काम पोराला दिलं होतं. सोलापूर ते मिरज एकशे बारा. त्यानंतर तो झोपला. मोळीभाऊ, चार दगड पाहिले, अगदी रस्त्याच्या मधोमध. उतरून कडेला केले.

आंबा घाटात अकराला शिरलो तरी दरीत थोडं धुकं होतंच. दुसऱ्या गिअरवर उतरलो. मागे एक जण इतका हॉर्न वाजवत होता की जागा मिळताच त्याला पुढं जाऊ दिलं. खाली साखरप्याजवळ तोच कडेला उभा, बोनेट उघडं, चाकातून वास. घाटमाथादादा, तुमची आठवण आली.

पहिला समुद्र आरे-वारेच्या चढावर दिसला. आई गाडीतून उतरली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे पानी सारं खारं हाय, मंग ही नारयाची झाडं कोनत्या पान्यावर जगते?” बहिणीचा फोन फोटो काढून गरम झालेला, पण या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

उत्तर गुहागरला मिळालं. ज्यांच्या घरी उतरलो त्यांची वाडी समुद्राला लागून, मधे फक्त सुरूची झाडं. तिथं त्यांची विहीर. किनाऱ्यापासून दोनशे पावलं असेल. आईनं पाणी काढून तोंडाला लावलं, गोड. घरमालक म्हणाले, पाऊस इथं तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, ते पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहतं. एप्रिल-मेमध्ये हावरटपणानं पंप जास्त चालवला की खालचं पाणी वर येतं, विहीर मचूळ होते आणि सुपारीची पानं पिवळी पडतात. मग पावसाळ्यापर्यंत काही करता येत नाही. मी विचारलं, शेती किती? म्हणाले, अठरा गुंठे. आमचं वावर अकरा एकर आहे, तेही कोरडवाहू, हे सांगायला मला उगाच लाज वाटली. अठरा गुंठ्यांत नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल, मधे जायफळ, केळी. एका झाडाची सावली दुसऱ्याच्या उपयोगाची. आमच्या वावरात एक बाभूळ आहे धुऱ्यावर, तिच्या सावलीत पऱ्हाटी बसते म्हणून दरवर्षी ती तोडायची चर्चा होते.

अक्का, तूरडाळ दिली. काकूंनी लगेच शिजवली, त्यात कोकम आणि गूळ घातला. आईनं निमूट खाल्ली आणि खोलीत येऊन ठेचा काढला. निघताना काकूंनी पिशवी भरून आमसुलं दिली.

बोट दोन्ही ठिकाणी मिळाली. जयगडला रिकामी, धोपाव्याला पाऊण तास थांबलो. धोपाव्याला पुढच्या ट्रकमध्ये शेळ्या होत्या, त्यांना पाहून पोरं समुद्र विसरली. बोटीवर गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला तरी आई विचारत राहिली, गाडी पाण्यात सरकणार नाही ना.

एक चूक केली. खेडला जेवणात वेळ गेला आणि आंबेनळी घाटात साडेपाच वाजले. वरच्या वळणांत अंधार पडला. काही झालं नाही, पण शेवटचा तासभर गाडीत कोणी बोललं नाही. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी भरपूर होती आणि थंडी आपल्या गावाएवढीच. क्षेत्र महाबळेश्वरला सावित्री आणि कृष्णा एकाच देवळातून निघतात, एक, आम्ही जिच्या अलीकडेच वळलो, त्या बाणकोटच्या खाडीला जाते आणि दुसरी थेट बंगालच्या उपसागरात, हे गुरुजींनी सांगितलं. आमची अरुणावती पैनगंगेतून शेवटी तिकडेच जाते, हे मी त्यांना सांगितलं. दोघंही खूश.

समृद्धीवर दर दीड तासाला थांबलो. घरी आल्यावर गाडी खालून धुतली, फरदडभाऊ, रेतीत न घालतासुद्धा. खाऱ्या वाऱ्यानं काचांवर पापुद्रा धरला होता.

हरभऱ्याच्या दोन तासांचा (ओळींचा) रोह्यांनी फडशा पाडलाय. भाऊ म्हणतो, आठ रात्रींतली एक रात्र डोळा लागला.

अक्का_परतवाडा

दोन तासं गेली तर गेली. आमसुलं डाळीत नको घालू, साखर टाकून सरबत कर, आईला आवडेल.

खाडीकाठ

वाडी कोणाची ते ओळखलं. चुलत काकांची आहे. बाभळीचा विचार नंतर करा, आधी तिच्या खाली मिरीचा वेल लावता येतो का ते विचारतो.

पऱ्हाटी

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं दादा, मिरी भाजूनच निघेल.

तेवढ्यात एक. पुढच्या वर्षी भावाची पाळी आहे, त्याला मालवणच्या बाजूला जायचंय. त्यानं काल रात्री यादी करून दिली. नवीन धागा काढू की इथंच टाकू? अकरा ठिकाणं आहेत.